सरजाबाईनं पास केलेलं पाणी

पळसवाडीत कुणाच्या शेतात बोअरला पाणी लागलं की मालक आधी पेढे वाटत नसे. आधी तो बाटली भरून सरजाबाईच्या दारात येई. कोल्ड्रिंकची जुनी बाटली, आत गढूळ पाणी, आणि धन्याचा चेहरा दहावीच्या निकालाला आलेल्या पोरासारखा. सरजाबाई बाटली कोपऱ्यात ठेवून पाणी निवळू देई आणि दोन दिवस त्या माणसाला काही सांगत नसे. यातही तिला थोडी मजा वाटत असावी, ती उघड कबूल करत नसे एवढंच.

तिसऱ्या दिवशी ती घोटभर पाणी तोंडात धरी, डोळे मिटी आणि बराच वेळ तशीच बसून राही. मग निकाल लागे. तिच्यापाशी शब्द मोजून पाच होते: गोड, जड, मचूळ, तुरट आणि लोखंडी. पण नुसत्या जिभेवर तिचं भागत नसे. पितळी गंजात ओंजळभर तुरीची डाळ घालून ती चुलीवर चढवी. हळद नाही, तेल नाही आणि खायचा सोडा तर मुळीच नाही. तीन लाकडं जळेपर्यंत डाळ फुटली तर पाणी पास. दाणा अख्खा राहिला तर नापास, मग मालक गावातला कितीही मोठा असो.

शहरातल्या वाचकाला हे गमतीचं वाटेल. पण जिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथल्या बायकांना जाऊन विचारावं. पळसवाडीची जुनी विहीर अशीच होती. पाणी नितळ, थंड, बारमाही, पण जड. दोन तास उकळलं तरी डाळ तळाशी आणि वर पिवळं पाणी. हंड्यांच्या आत पांढरा थर साचायचा, चमच्यानं खरवडला की पापुद्रे निघायचे. साबणाला फेस येत नसे आणि धुतलेले केस काथ्यासारखे होत. नवी सून घरात आली की पहिल्याच दिवशी तिच्या हातचं वरण सासऱ्याच्या ताटात तसंच राहायचं. दोष मात्र पाण्याला कुणी दिला नाही, सगळा त्या पोरीवर गेला. सरजाबाईनं हे स्वतः सोसलं होतं, म्हणून त्या विहिरीवर तिचा जन्माचा राग होता.

सरजाबाई शाळेत खिचडी शिजवायची. किनवटकडून येणारा रस्ता जिथं संपतो तिथं शाळा, आणि शाळेमागं पत्र्याची खोली, तीच तिची जागा. तिच्या जोडीला केवळाबाई होती, शेतकऱ्याघरची. सरजाबाई बौद्धवाड्यातली. पहिल्या वर्षी काही घरांनी पोरांबरोबर डबे दिले होते. डब्यांचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नव्हतं. पुढं पोरांनाच तिच्या हाताची गोडी लागली आणि डबे बंद झाले. तेही कुणी बोललं नाही.

नऊ वर्षांमागं दुष्काळात विहिरीनं तळ गाठला, तेव्हा शाळेच्या मैदानात बोअर घेतला. पावणेचारशे फुटांवर पाणी लागलं. तेव्हाचे सरपंच शेषेराव स्वतः बाटली घेऊन सरजाबाईकडे आले. तिनं घोट घेतला आणि डोळे मिटायचं विसरली. असं पाणी तिनं कधी चाखलं नव्हतं. दुसरं लाकूड अर्धं जळालं तोवर डाळीचं लोणी झालं. सरजाबाईनं गंज उचलून शेषेरावांना दाखवला आणि पास म्हणून सांगितलं. माझ्या उभ्या जन्मात एवढं गोड पाणी पाहिलं नाही, हेही वर म्हणाली.

नळाचा नारळ तिच्याच हातून फोडला. त्या दिवशी घरी येऊन ती एकटीच रडली. तिची सासू विहिरीवर गेली की काठापासून लांब उभी राही, कुणी वरून ओतेल त्याची वाट बघत. कधी तासभर, कधी दोन तास. त्याच घरातल्या बाईच्या शब्दावर आज सारं गाव पाणी पिणार होतं. कुणाला हे लहान वाटेल, तिला वाटलं नाही.

गाव खरंच सुखावलं. सुनांची वरणं जमू लागली, कपड्यांना फेस येऊ लागला. पुढं पाऊस झाला, विहीर भरली, पण तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. पोरं तिच्यात दगड टाकून बेडूक उडवत. पाहुण्यांना पाणी देताना लोक सांगत, घ्या, हे सरजाबाईनं पास केलेलं पाणी आहे.

सरजाबाईचा मुलगा संघपाल ऑटो चालवायचा. त्याची मुलगी धम्मप्रिया पाचवीत होती, आणि बऱ्याच वर्षांनी झालेला तिचा भाऊ आठ महिन्यांचा. घरात त्याला छोट्या म्हणत. धम्मप्रिया अभ्यासात हुशार, बोलण्यात तिखट, पण हसताना तोंडावर हात ठेवायची. तिचे दुधाचे दात पडून नवे आले ते खडूसारखे पांढरेफटक, चट्ट्याचट्ट्यांचे. हळूहळू त्यांवर तपकिरी पट्टे उमटले. सरजाबाईला वाटलं, पोरगी दात घासत नाही. पोरगी म्हणायची, रोज घासते. सरजाबाईला ते पटायचं नाही. तिनं कोळसा आणि मीठ कुटून डबी भरली आणि रोज सकाळी पोरीला पुढ्यात बसवून स्वतःच्या बोटानं दात घासायला सुरुवात केली. हिरड्यांतून रक्त यायचं. पोरगी रडायची, घासले होते म्हणायची. आजी म्हणायची, खोटं बोलू नको. हे दोन वर्षं चाललं, आणि हे लिहिताना वाईट वाटतं, कारण त्या बाईचा नातीवर फार जीव होता.

यंदा डिसेंबरात पाणी तपासायला शिकवणारी रेणुका नावाची तरुण मुलगी गावात आली. प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणीची पेटी वापरायला शिकवायचं, असं तिचं काम होतं. पळसवाडीत पहिलं नाव कुणाचं निघणार हे सांगायलाच नको. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर पेटी उघडली. आत काचेच्या नळ्या, थेंबाच्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता. जडपणाची तपासणी पहिली झाली. विहिरीच्या पाण्याला रंग बदलायला थेंबांवर थेंब लागले, बोअरच्या पाण्याला अगदी थोडे. सरजाबाईनं बाकीच्या चौघींकडे पाहिलं. तिला जे डाळीनं सांगितलं होतं तेच पेटीनंही सांगितलं, फक्त लाकडं न जाळता.

मग रेणुकानं दुसरी बाटली काढली आणि तिचे थेंब दोन्ही पाण्यांत टाकले. विहिरीचं पाणी नळीत लालसर राहिलं. बोअरचं पिवळं पडलं. रेणुकानं पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. तिचं हसू गेलं. तिनं मैदानात खेळणाऱ्या पोरांना हाक मारली आणि एकेकाला आ करायला लावलं.

तिनं सांगितलं ते असं. ज्यानं पाणी पिवळं पडलं त्याला फ्लोराइड म्हणतात. थोडं असलं तर चालतं, इथं फार आहे. लहानपणी हे पाणी पोटात गेलं की पक्के दात असे डागाळलेले येतात, आणि पुष्कळ वर्षं प्यायलं तर हाडं आखडतात. याला वास नाही, रंग नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते उरतं. त्यामुळं स्वयंपाकालाही हे पाणी नको. विहिरीचं पाणी जड आहे, पण औषध टाकून प्यायला त्यापेक्षा कितीतरी बरं.

सरजाबाईनं एकच विचारलं, की एवढं वाईट पाणी असून डाळ इतकी छान कशी शिजते. रेणुका म्हणाली, "मावशी, त्याच्यामुळंच. ज्या पाण्यात चुना कमी, त्यात डाळ लवकर शिजते. आणि चुना कमी असला की हे फ्लोराइड खडकातून जास्त विरघळतं."

ज्या खुणेवरून सरजाबाईनं पाणी पास केलं, ती खूणच धोक्याची होती. चुकून दुसरं पाणी चाखलं असतं, दुष्काळाच्या घाईत नीट पाहिलं नसतं, तर मनाला काही सांगता आलं असतं. तिनं तर सगळं नीट केलं होतं.

नमुना नांदेडला गेला, आठ दिवसांत तेच सांगणारा कागद आला आणि हे पाणी पिऊ नये म्हणून नळाच्या तोटीवर लाल रंग लागला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो खरवडून काढला. गावाचं म्हणणं सरळ होतं. नऊ वर्षं पितो आहोत, कोण मेलं? पोरांचे दात चॉकलेटनं किडतात. आणि मुख्य म्हणजे, हे सरजाबाईनं पास केलेलं पाणी आहे.

तिला अजून पुरतं पटलं नव्हतं. पेटीतल्या थेंबांवर विश्वास ठेवायचा तर चाळीस वर्षांच्या जिभेचं काय करायचं? म्हणून तिनं तिच्या पद्धतीनं तपास केला. दुपारी पोरं ताटल्या घेऊन रांगेत आली की ती डाव हातात धरून म्हणायची, आ कर बघू, तिखटानं तोंड आलं का ते पाहते. तीन दिवसांत तिनं सगळी शाळा पाहिली. त्रेचाळीस पोरांत एकोणतीस जणांचे दात तसे. दहा जणांचे दुधाचे दात अजून पडले नव्हते. अहमदपूरहून गेल्या वर्षी आजोळी राहायला आलेली एक मुलगी होती, तिचे दात पांढरेशुभ्र. तसेच आणखी तीन जणांचे, तिघंही बाहेरगावी वाढून आलेली. शेवटी ती घरी आली आणि जेवणाऱ्या संघपालच्या तोंडाकडे बघत बसली. तो त्या जड विहिरीच्या पाण्यावर वाढला होता. त्याला मरेपर्यंत पुरतील असे दात होते.

आता तिला कुणी समजावायची गरज राहिली नाही. पण स्वतःला कळणं वेगळं आणि गावाला सांगणं वेगळं. गप्प बसणं फार सोपं होतं. अजून कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. उलट शेषेराव घरी येऊन बसले. आता कागदावर सरपंच त्यांची सून होती, पण कारभार कोण पाहतो हे गावाला माहीत होतं. ते बाजेवर बसले, चहा घेतला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ती मुलगी कागद वाचणार आहे, म्हणाले. बोअर बंद झाला तर विहीर उपसायची, मोटार बसवायची, पाइप टाकायचे, कोण करणार? तुम्ही सभेत सगळ्यांसमोर पाणी चाखा आणि सांगा, विषय संपेल. यंत्रापेक्षा आमचा तुमच्या जिभेवर भरोसा आहे. हे ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या बापानं या घरचा चहा घेतला नसता, हे सरजाबाईच्या मनात येऊन गेलं, आणि हा भरोसा आता आपल्या हातानं मोडायचा, हेही आलं.

ते गेल्यावर संघपाल बोलला. तो आईशी कधी वाद घालत नसे. "माय, तू सभेला जाऊच नको. मॅडम सांगतील काय सांगायचं ते. तू चुकले म्हनलीस तर ते तुझ्या एकटीवर न्हाई राहनार. ह्या लोकायनं आमच्या लेकरायचं वाटोळं केलं, असं म्हनतील. मंग ते कुनाला म्हनतील, तुला ठावं हाय."

तिला ठाऊक होतं. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. संघपालचं खोटं नव्हतं आणि शेषेरावांचा मानही खोटा नव्हता. पण खिचडीच्या रांगेतली ती पोरं डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यातल्या दहा जणांचे तर नवे दात अजून यायचे होते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांनी गाणी म्हटली. धम्मप्रिया पहिल्या रांगेत होती आणि ओठ जेमतेम उघडून गात होती. मग मैदानातच ग्रामसभा बसली. रेणुकानं कागद वाचला. कुणी ऐकलं, कुणी तंबाखू मळत बसलं. शेषेराव उठले. कागद राहू द्या म्हणाले, आमच्या गावात पाण्याचं कळणारं माणूस आहे. त्यांनी नळाचं पाणी स्टीलच्या ग्लासात मागवलं आणि सरजाबाईच्या हातात दिलं. संघपाल कडेला उभा होता, त्यानं मान खाली घातली.

तिनं घोट घेतला. डोळे मिटले.

"गोड हाय," ती म्हणाली. "नऊ वर्षांमागं होतं तसंच गोड हाय." शेषेरावांनी हसून रेणुकाकडे पाहिलं. सरजाबाई थांबली नाही. "आन तेच सांगायला उभी ऱ्हायले मी. ह्यात जे वाईट हाय ते माझ्या जिभंला लागत न्हाई. तवाबी लागलं न्हाई, आताबी लागून न्हाई राहिलं. म्या हे पानी पास केलं, ते माझं चुकलं. लेकरायला हे पाजू नका."

क्षणभर काय झालं ते लोकांना कळलंच नाही. मग केवळाबाई उठली. तिचे दोन नातू शाळेत होते, आणि दोघांचे दात सरजाबाईनं पाहिले होते. ती ओरडली नाही. तिचा आवाज बारीक झाला होता. "सरजाबाई, आमी तुमच्या शब्दावर पाजलं."

"हाव," सरजाबाई म्हणाली. "माझ्याच शब्दावर पाजलं."

तिनं दुष्काळाचं नाव काढलं नाही. मला काय माहीत होतं, असंही म्हणाली नाही. मागून कुणीतरी एक वाक्य टाकलं. संघपाल ज्याला भीत होता तेच ते, आणि ते इथं लिहायच्या लायकीचं नाही. संघपाल पुढं सरसावला तेव्हा तिनं त्याचा दंड धरून ठेवला. शेषेराव नुसते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता की आणखी काही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सभेत भांडण झालं, आरडाओरड झाली, आणि शेवटी विहीर उपसून औषध टाकायचं ठरलं. बोअर धुण्याभांड्यांना. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काहींनी सायंकाळी मुद्दाम त्याच तोटीखाली हंडे भरले. पण केवळाबाईच्या घरातून एक बाई दोर-बादली घेऊन विहिरीकडे जाताना दिसली, आणि तिच्यामागं आणखी दोघी.

सरजाबाई घरी आली तेव्हा ऊन अजून होतं. धम्मप्रिया ओट्यावर वही घेऊन बसली होती. सभा तिनं शाळेच्या खिडकीतून ऐकली होती. सरजाबाई तिच्याशेजारी बसली. गावासमोर बोलताना तिचा आवाज कापला नव्हता, आता कापला.

"तुझे दात घान न्हाईत. पान्यानं झाले ते. तू घासत होतीस."

पोरीनं वहीतून मान वर केली नाही. "म्या रोज सांगत होते तुला."

"हाव. सांगत होतीस."

"तू म्हनायचीस, खोटं बोलून राहिलीस."

"म्हनत होते." एका घोटावर साऱ्या गावानं तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि पोरगी दोन वर्षं रोज खरं सांगत होती तर तिच्यावर तिनं ठेवला नव्हता. हे तिच्या काळजात असं घुसलं की केवळाबाईचं बोलणंही त्यापुढं हलकं वाटलं.

पोरीनं वही मिटून विचारलं, "मंग आता हे जातील?"

सरजाबाईला वाटलं, हो म्हणावं. दहा वर्षांचं लेकरू आहे, आजच्या दिवस तरी हसेल. "न्हाई," ती म्हणाली. "हे न्हाई जायचे."

धम्मप्रियानं जिभेनं दात चाचपले. रडली नाही. आतून छोट्याचा आवाज येत होता, त्याची आई त्याला काहीतरी भरवत होती. पोरीनं तिकडं पाहिलं.

"छोट्याचे?"

"त्याचे चांगले येतील. त्याला ते पानी न्हाई द्यायचं."

"खरं?"

आजीच्या शब्दापुढं त्या घरात कुणी असं कधी विचारलं नव्हतं. सरजाबाईच्या ओठांवर 'हाव' आलं होतं. ते तिनं तिथंच थांबवलं.

"मला वाटतं खरं," ती म्हणाली. "पन मॅडम अजून शाळंत असतील. चल, आपुन दोघी जाऊन इचारू."